मोजलेलं कर्म

गांधीजींच्या पत्रांत आणि रोजनिशीत एक आकडा वारंवार भेटतो : १६० तार. सूत गुंडाळताना पडणाऱ्या चार फुटांच्या एका वेढ्याला खादीच्या हिशोबात तार म्हणत. अशा १६० तारांची एक लटी, चार लट्यांची म्हणजे ६४० तारांची एक गुंडी. तुरुंगात असोत, प्रवासात असोत की आश्रमात, आज किती तार झाले हे ते मोजत आणि नोंदवत. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले, तेव्हा सभासदत्वाची वर्गणीसुद्धा सुतात मोजायचं ठरलं : महिन्याला २००० वार. पुढच्या वर्षी पाटण्याला अखिल भारत चरखा संघ निघाला आणि देशभरच्या कातणाऱ्यांच्या वह्या सुताच्या आकड्यांनी भरू लागल्या. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला आले. त्या शेगावचं पुढे सेवाग्राम झालं. तिथेही दिवस मिनिटांनी आणि सूत तारांनी मोजलं जात राहिलं.

आणि हाच माणूस रोज गीता वाचत होता. फळावरची आसक्ती सोड, असं सांगणारी गीता.

मग हिशोब कशाला? ज्याला फळ नको, त्यानं तार का मोजावेत? प्रश्न वरवर भाबडा वाटतो, पण आपल्या धर्मजीवनात तो जुना आहे. जपमाळेत १०८ मणी असतात. श्रीराम जय राम जय जय राम या मंत्राचा १३ कोटी जप ही संख्या समर्थ संप्रदायात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. वहीत रामनाम लिहून पानं मोजणारी माणसं आजही महाराष्ट्रात गावोगाव आहेत. त्यांना विचारणारेही असतात, की देवाशी हा कसला व्यवहार? उत्तर बहुधा असं मिळतं, की संख्या देवासाठी नाही, पळणाऱ्या मनासाठी आहे. उत्तर खरं आहे, पण अपुरं. मन मोजणीतच रमलं, तर काय करायचं, हे त्यात येत नाही.

या जुन्या प्रश्नाचा अतिशय नेमका उलगडा एका अनपेक्षित ठिकाणी होतो. संगणकाच्या आत, कामगिरी मोजणाऱ्या काउंटरांमध्ये. वर्ध्यात संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलाला हे काउंटर वाचणारा क्लास, म्हणजे प्रोग्रॅमचा एक घटक, लिहायला बसवलं, तर पहिल्याच तासाला तो तत्त्वज्ञानाच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहतो.

काउंटर म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात ठेवलेली एक संख्या. एखादी घटना घडली की ती वाढते. डिस्कवरून एक तुकडा वाचला, वाढ. नेटवर्कवरून बाइट आले, तितकी वाढ. घटना चांगली की वाईट, हवी होती की नको होती, याच्याशी काउंटरला देणंघेणं नाही. तो थांबवत नाही, ढकलत नाही, शाबासकी देत नाही. सांख्य तत्त्वज्ञांनी पुरुषाचं, म्हणजे चैतन्याचं, वर्णन करताना कर्तेपण प्रकृतीकडे दिलं आणि पुरुषाकडे फक्त पाहणं ठेवलं. ती कल्पना समजावून सांगायला आजच्या शिक्षकाला याहून जवळचं उदाहरण क्वचितच मिळेल. फरक एवढाच, की काउंटर पाहतही नाही. तो नुसता वाढतो. पाहणं ही वेगळी क्रिया आहे, आणि ती वाचणाऱ्या क्लासनं करायची असते.

ती क्रिया किती अवघड आहे, हे थोडं तपशिलात पाहण्यासारखं आहे. १९९३ साली आलेल्या विंडोज एनटी या संगणक-प्रणालीपासून ही माहिती मागण्याची एक सोय प्रणालीत आहे. प्रोग्रॅमनं रिकामी जागा, म्हणजे बफर, पुढे करायचा आणि प्रणालीनं त्यात बाइटांचा एक सलग ठोकळा ओतायचा. जागा कमी पडली तर प्रणाली सांगते की माहिती अजून आहे. मग जागा वाढवून पुन्हा मागायचं. किती वाढवायची हे आधी ठाऊक नसतं, म्हणून पुरेशी होईपर्यंत वाढवत राहायचं. ठोकळ्याच्या आरंभी खुणेची चार अक्षरं असतात, मग लांबी, वेळ, वस्तूंची संख्या. पुढे प्रत्येक वस्तूची व्याख्या आणि त्या व्याख्येत तिचे काउंटर ठोकळ्यात कितव्या बाइटला सापडतील याचा पत्ता. नावं मात्र ठोकळ्यात नसतातच, त्यांच्या जागी क्रमांक असतात. २३८ म्हणजे प्रोसेसर. ६ म्हणजे प्रोसेसर किती टक्के वेळ कामात होता. हे नाव-क्रमांकांचं कोष्टक दुसरीकडे ठेवलेलं असतं आणि ते वेगळं वाचावं लागतं.

म्हणजे हाती आलेल्या बाइटांना स्वतःचा अर्थ नाही. शून्य, एक, शून्य, शून्य असे चार बाइट समोर आहेत, असं समजा. लहान टोक, म्हणजे कमी किमतीचा बाइट, आधी धरून वाचलं तर ते २५६ होतात. मोठं टोक आधी धरलं तर ६५,५३६. ठोकळा तोच, बाइट तेच. यातला एकच आकडा खरा आहे, पण तो खरा ठरतो तो वाचण्याआधी झालेल्या करारामुळे. कोणतं टोक आधी, यावर संगणकवाल्यांत इतकी भांडणं झाली, की डॅनी कोहेन यांनी १९८० साली लिहिलेल्या प्रसिद्ध टिपणाच्या शीर्षकातच धर्मयुद्धांचा उल्लेख केला आणि शांततेची विनंती केली. त्यांचं म्हणणं साधं होतं : दोन्ही पद्धती चालतात, सर्वांनी मिळून एक ठरवणं महत्त्वाचं.

सुताचंही असंच होतं. ६४० तार एवढं ऐकून जाणता खादीवाला समाधानी होत नसे. अंक किती, म्हणजे एका पौंडात ८४० वारांची किती मापं बसतात? कस किती, म्हणजे सूत ताण किती सोसतं? समानता कशी, म्हणजे धागा कुठे जाड कुठे बारीक तर नाही? हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय ६४० ही संख्या मुकी राहते. जाडंभरडं, जागोजाग तुटणारं सूतही ६४० तार भरतं.

आकडा वाचणाऱ्याला त्याची जात ठाऊक हवी, हा पुढचा धडा. काही काउंटर या क्षणाची स्थिती सांगतात. बहुतेक नुसती आरंभापासूनची बेरीज सांगतात, आणि तिच्यातून दर काढायचा तर दोनदा वाचून वजाबाकी करावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमधल्या तयार क्लासला अशा काउंटरची किंमत पहिल्यांदा विचारली, की तो शून्य देतो. नवशिका गोंधळतो, पण उत्तर रास्त आहे. एका नजरेत वेग दिसत नसतो. दोन वाचनांत निदान एक सेकंदाचं अंतर ठेवा, अशी शिफारस आहे. माणसाबद्दल एका भेटीत मत ठोकून देणाऱ्यांनी या शून्याकडे जरा आदरानं पाहावं.

काउंटर भरतोही. बत्तीस बिटांच्या काउंटरची झेप ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत, त्यापुढे तो शून्यावर येतो. सेकंदाला शंभर मेगाबिट वाहणाऱ्या जोडणीवर बाइट मोजत बसलं, तर हे सहा मिनिटांच्या आत घडतं. काम पुसलं गेलेलं नसतं, फक्त फेरा पूर्ण झालेला असतो. तो झाल्याचं भान वाचणाऱ्यानं ठेवायचं. माळ ओढणाऱ्यांनी ही अडचण फार पूर्वी सोडवली. मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवायची, आणि झालेल्या माळांची मोजणी वेगळी ठेवायची.

पण सर्वांत विलक्षण आहे तो २३८ मधला ६ क्रमांकाचा काउंटर. प्रोसेसर किती कामात आहे, हे प्रणाली पारंपरिक रीतीनं सरळ मोजत नाही. ती त्याचा रिकामा वेळ मोजते. कुणाचंच काम नसेल तेव्हा चालवायला एक रिकामी प्रक्रिया ठेवलेली असते. तिला मिळालेला वेळ एकूण वेळातून वजा केला, की उरतं ते काम. कर्म किती झालं हे अकर्मावरून कळतं.

इथे वर्ध्याचाच माणूस आठवल्यावाचून राहत नाही. विनोबा भावे १९२१ साली वर्ध्याला आले. पुढे जवळच्याच नालवाडीत त्यांनी सूत कातून त्याच्या मजुरीत जगता येतं का, याचा प्रयोग स्वतःवर केला. १९३५ साली चरखा संघानं कातणाऱ्यांना पोटापुरती तरी मजुरी देण्याचं धोरण स्वीकारलं, त्याच काळातली ही धडपड. गणित ही विनोबांची आयुष्यभराची आवड होती. १९३८ साली ते पवनारला धाम नदीच्या काठी राहायला गेले. त्याआधी, १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. त्यांतली चौथ्या-पाचव्या अध्यायांवरची मांडणी विनोबांची स्वतःची आहे. बाहेरून दिसणारी क्रिया ते कर्म. त्या क्रियेला आतून लावलेलं मन, चित्तशुद्धीचं काम, ते विकर्म. या दोघांची जोड झाली की कर्माचं ओझं उरत नाही, ते अकर्म होतं. इतर अनेक भाष्यकार विकर्माचा अर्थ निषिद्ध कर्म असा घेतात. विनोबांनी त्याला आतल्या साधनेचा अर्थ दिला आणि त्यावर सगळी इमारत उभी केली.

ही तीन पदं हाताशी घेतली, की सुरुवातीच्या प्रश्नाची गाठ सैल होते. काउंटर कर्माचा असतो. विकर्माचा काउंटर कुणी बनवलेला नाही, बनवता येणारही नाही. सूत कातताना मन कुठे होतं, हे तारांना ठाऊक नसतं. मग तार मोजून मिळतं काय? एक मोलाची गोष्ट मिळते : स्वतःला फसवणं अवघड होतं. दिवसभर आपण सेवेत होतो, असं वाटणारा माणूस संध्याकाळी वहीत ४० तार पाहतो आणि वाटणं व असणं यांतलं अंतर त्याच्यापुढे उभं राहतं. आकडा खोटेपणा पकडतो, खरेपणा सिद्ध करत नाही. १६० तार झाले नाहीत, हे तो ठामपणे सांगू शकतो. १६० तार भक्तीनं झाले, हे कधीच सांगू शकत नाही. शिवाय गांधीजी जे मोजत होते, ते फळ नव्हतंच. फळ होतं स्वराज्य, गरिबाच्या घरची चूल. त्याची नोंद रोजच्या वहीत होत नव्हती. वहीत होतं ते स्वतःच्या हातानं झालेलं काम. फळाची आसक्ती सोडा म्हणणारी गीता कामाचा हिशोब सोडा असं कुठेच सांगत नाही.

यात एक अडचण मात्र उरते आणि ती टाळून चालणार नाही. कातणारा आणि मोजणारा एकच असेल, तर मोजणं हेसुद्धा कामातच जमा होतं. संगणकात हे स्पष्ट दिसतं. काउंटर वाचणारा प्रोग्रॅम त्याच प्रोसेसरवर चालतो, ज्याची तो चौकशी करतो. सेकंदाला एकदा वाचलं तर फरक नगण्य. हजारदा वाचलं तर आलेल्या आकड्यात स्वतः वाचणाऱ्याचाच वाटा मोठा होतो. निव्वळ साक्षी होऊन स्वतःकडे पाहता येत नाही, पाहण्याची किंमत पाहिलेल्यात मिसळते. म्हणून दिवसातून एकदा, संध्याकाळी नोंद करणाऱ्या आश्रमाच्या शिस्तीत शहाणपण आहे. दर ताराला वहीत डोकावणाऱ्याच्या हातून सूत होणार नाही.

मोजणी बिघडते कुठे, याची उदाहरणंही वर्ध्यातच आहेत. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष होते. हस्तोद्योगातून शिक्षण आणि मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च, निदान शिक्षकाचा पगार निघावा, ही त्यांची कल्पना. त्यातून आलेल्या झाकीर हुसेन समितीच्या आराखड्यात साडेपाच तासांच्या शाळेतले तीन तास वीस मिनिटं मूळ उद्योगाला होती. अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी परिषदेतच स्वावलंबनाच्या कल्पनेला विरोध केला. समितीनंही आपल्या अहवालात धोक्याचा इशारा दिला, की आर्थिक बाजूवर भर पडला तर शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त श्रम काढून घेण्यात वेळ घालवतील आणि शिकणं मागे पडेल. हा इशारा या सगळ्या विषयाचा गाभा आहे. मुलाचं सूत त्याला गणित आलं का, हात बसला का, हे कळण्यासाठी मोजलं, तर ती मोजणी मुलाच्या बाजूची. तेच सूत मास्तरांच्या पगारासाठी मोजलं, की त्याच आकड्याचं काम बदलतं. तो काय चाललंय ते दाखवणं सोडतो आणि काय चालावं ते ठरवू लागतो.

भूमिहीनांसाठी जमीन मागणाऱ्या विनोबांच्या भूदान चळवळीचा आकडाही असाच वाचावा लागतो. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत विनोबांना पहिली शंभर एकर जमीन मिळाली. पुढे १९५७ पर्यंत पाच कोटी एकरांचं लक्ष्य ठरलं. कागदावर चाळीस लाख एकरांहून अधिक जमा झाली. माणसांनी नुसतं मागितल्यावर इतकी जमीन दिली, आणि हे मोठेपण कुणी हिरावून घेऊ नये. तरी चाळीस लाख ही कच्ची बेरीज होती. तिच्यात खडकाळ जमीन होती, कज्ज्यातली होती, जिचा ताबा कधी मिळालाच नाही अशी होती. भूमिहीनाच्या नांगराखाली प्रत्यक्ष आली ती जमीन यापेक्षा बरीच कमी. देणं हा एक काउंटर, वाटप हा दुसरा. पहिल्याकडे पाहत दुसऱ्याचं समाधान मानण्याची चूक चळवळीभोवतीच्या अनेकांनी केली. विनोबांनी १९५६ च्या अखेरीस पळणीला भूदान समित्या विसर्जित केल्या आणि निधीचा आधार सोडला. यंत्रणा आणि पैसा यांच्यामागे मूळ काम झाकलं जातं, ही त्यामागची काळजी होती.

वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघ चालवणारे जे. सी. कुमारप्पा हे या कथेतले व्यावसायिक हिशोबनीस. लंडनमध्ये लेखापरीक्षण शिकलेले, कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेले, श्रद्धेनं ख्रिस्ती. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचे हिशोब सांभाळायला त्यांनाच बोलावलं गेलं, कारण पै-पैची नोंद ठेवण्यात ते कुणाची भीड ठेवत नसत. आणि पैसा हे मूल्याचं अपुरं माप आहे, असं आयुष्यभर मांडत राहिले तेही हेच. दोन्ही गोष्टी त्यांच्यात एकत्र नांदल्या. हिशोब काटेकोर ठेवणाऱ्यालाच हिशोबाच्या बाहेर काय राहतं, हे नीट दिसतं.

पुराणांनीही मोजणं आणि निवाडा यांची फारकत केलेली आहे. चित्रगुप्त लिहितो, निर्णय यमधर्म देतो. तसाच विंडोजमध्येही वापरकर्त्यांचा एक गट असा आहे, की त्यातल्यांना काउंटर वाचता येतात, पण तेवढ्यावरून यंत्राचा कारभार हाती येत नाही. ही वाटणी मुद्दाम ठेवलेली आहे, आणि ती शहाणपणाची आहे. पण चित्रगुप्ताच्या वहीत एक उणीव राहतेच : ती ज्याची आहे त्याला जिवंतपणी वाचता येत नाही.

ही उणीव किरकोळ नव्हे, हे संगणकाच्या इतिहासातही दिसलं. १९९३ साली आलेल्या पेंटियम प्रोसेसरमध्ये काउंटर होते, पण त्यांची माहिती गोपनीय करारावर सही करणाऱ्यांनाच मिळे. यंत्र विकत घेणाऱ्याच्या टेबलावर, आकडे त्यात वाढताहेत, आणि अर्थ कंपनीच्या कपाटात. नॉर्वेच्या तेर्ये माथिसेन यांनी चिकाटीनं एकेक क्रमांक तपासून त्यांची उकल केली आणि जुलै १९९४ मध्ये बाइट मासिकात छापली. लोकांना नवे आकडे मिळाले नाहीत, आकड्यांच्या व्याख्या मिळाल्या. तेवढ्यानं यंत्र त्यांचं झालं.

आज वर्धा जिल्ह्यातल्या रोजगार हमीच्या कामांवर, आकड्याचा अर्थ कुणाच्या हाती, हाच प्रश्न मजुराच्या वाट्याला आलेला आहे. रोजगार हमीची कल्पना मूळ महाराष्ट्राची, १९७७ च्या कायद्याची. केंद्राच्या योजनेत १ जानेवारी २०२३ पासून कामावरच्या हजेरीसाठी मोबाइल अॅप सक्तीचं झालं : दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो, जागेच्या खुणेसह. दोन वाचनं आहेत, मधे अंतर आहे, तांत्रिकदृष्ट्या रचना समजण्यासारखी आहे. पण फोटो हजर असल्याचा काउंटर आहे, खणलेल्या मातीचा नाही. माती मोजमाप पुस्तिकेत घनमीटरमध्ये वेगळी मोजली जाते आणि मजुरी तिच्यावर ठरते. नेटवर्क गेलं आणि दुपारचा फोटो चढला नाही, तर कोणत्या काउंटरवरून काय वजा होईल, हे चर खणणाऱ्या बाईला ठाऊक असायला हवं. सेवाग्रामच्या कातणाऱ्याकडे वही स्वतःची होती, तार म्हणजे किती फूट हे त्याला माहीत होतं, आणि चूक वाटली तर तो गुंडी उलगडून पुन्हा मोजू शकत होता. तिच्या हजेरीचा आकडा तिच्याच फोनवर, तिच्या भाषेत, कसा निघाला त्याच्या रीतीसकट दिसावा, ही मागणी तंत्रज्ञानाला जड नाही. तेवढा एक क्लास लिहायला वर्ध्यातल्या कुठल्याही महाविद्यालयातली दोन हुशार मुलं पुरे आहेत.